अर्थ कुठून घेतलाय?

लेक क्रेसेंटच्या वळणावर मी ब्रेक मारला आणि मागच्या ट्रकचा हॉर्न वाजला. लांबलचक, थांबेचना. बाजूच्या आरशात बघितलं तर आरसा भरून त्या ट्रकचं तोंड. लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक होता. ओल्या रस्त्यावर त्याची चाकं किंचित सरकली, तो कसाबसा सावरला आणि आमच्यातलं अंतर पुन्हा हळूहळू वाढलं. शेजारी बायको डुलक्या काढत होती, ती दचकून उठली. "काय झालं?" "काही नाही," मी म्हणालो. माझे हात स्टिअरिंगवर थरथरत होते.

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला ऑलिम्पिक द्वीपकल्प आहे. हायवे १०१ तिथे या तळ्याला अगदी चिकटून जातो. आम्ही समुद्राकडून घरी, म्हणजे सिअ‍ॅटलकडे परतत होतो. उजवीकडे डोंगर, डावीकडे पाणी, मध्ये दोनच लेन. ऑक्टोबरचा पाऊस आणि धुकं असल्यामुळे दुपारी साडेचारलाच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं.

पोर्ट एंजेलिसच्या पेट्रोल पंपावर मी थांबलो, तर तो ट्रकही मागोमाग आत आला. साठीचा माणूस खाली उतरला. मला वाटलं आता शिव्या पडणार. पण तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या मागच्या खोलीचे दिवे लागत नाहीत. खाली तुझ्या ट्रकचे लागत असतील, पण मी एवढ्या उंचावर बसतो, मला ते दिसत नाहीत. मला फक्त एक काळी भिंत दिसत होती." माझ्या खांद्यावर हात ठेवून तो कॉफी घ्यायला गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

ती काळी भिंत म्हणजे आमचा ट्रक कॅम्पर. आपल्याकडे ही वस्तू फारशी दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. पिकअप ट्रकच्या हौद्यात एक छोटी खोली उचलून ठेवायची. तिच्यात पलंग, शेगडी, सिंक, गॅसवर चालणारा हीटर. सहल संपली की चार कोपऱ्यांच्या जॅकवर खोली उचलायची आणि खालून ट्रक पुढे काढून घ्यायचा. आमचा कॅम्पर नव्वदच्या दशकातला. लाकडी सांगाडा, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, वजन साधारण टनभर. एका निवृत्त जोडप्याकडून स्वस्तात घेतला होता.

खोलीला वीज लागतेच. आतल्या दिव्यांसाठी आणि हीटरच्या पंख्यासाठी तिच्यात स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी असते. बाहेरच्या अंगाला टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर असतात, शिवाय टपाच्या कडेला दिव्यांची रांग. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला हे टपावरचे दिवे सक्तीचे आहेत. पुढून पिवळसर, मागून लाल, मधोमध तीन. बाहेरच्या सगळ्या दिव्यांना वीज ट्रककडून मिळते आणि ट्रकचा अल्टरनेटर चालता चालता खोलीची बॅटरीही चार्ज करतो. हे सगळं एका जाड केबलमधून येतं, तिच्या टोकाला सात पिनांचा प्लग असतो. या केबलला इथले लोक नाळच म्हणतात.

तर आमच्या नाळेत काहीतरी बिघडलं होतं. पंपावरच तपासलं. हेडलाइट लावले की मागचे दिवे उदबत्तीच्या टोकाएवढे लाल व्हायचे. डावा इंडिकेटर दिला की टपावरची अख्खी रांग त्याच्या तालावर कमीजास्त व्हायची. ब्रेक दाबला की होतं तेही मंद. शिवाय आदल्या रात्री कलालॉकच्या किनाऱ्यावर पहाटे चारला हीटर बंद पडला होता. बॅटरी ११.७ व्होल्टवर आली होती, म्हणजे जवळपास रिकामी. त्याच दिवशी आम्ही पावसात दिवे लावून चार-पाच तास गाडी चालवली होती. मग ती चार्ज का झाली नाही?

त्या अवस्थेत पुढे जाण्यात अर्थ नव्हता. गावातल्याच एका कॅम्पिंगच्या जागी मुक्काम केला, तिथे विजेचं कनेक्शन होतं, त्याला खोली जोडली. सकाळी उठून बघतो तर सगळे दिवे लखलखीत. ब्रेक, डावा, उजवा, टपावरची रांग, सगळं. बायको म्हणाली, "झालं की बरं." ज्याला संगणकाचं काम ठाऊक आहे त्याला आपोआप बऱ्या झालेल्या बिघाडाची जास्त भीती वाटते. दिवसाउजेडी, उजव्या लेनमधून, आम्ही घरी आलो.

*

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण डिग्री इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची. चार वर्षं सर्किटं सोडवली, जर्नलं उतरवली, व्हायव्हात किरचॉफचे नियम धडाधडा सांगितले. त्यामुळे एका खोलीचे दिवे मला जड नाहीत अशी माझी समजूत होती.

मित्राच्या घरासमोर कॅम्पर उभा केला. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला परवानगी नाही. खोलीची बॅटरी उतरू नये म्हणून मित्राच्या गॅरेजमधून एक्स्टेन्शन ओढून खोलीला जोडलं आणि कामाला लागलो.

पहिला शनिवार-रविवार तारांच्या रंगांनी खाल्ला. इथे रंगांच्या दोन परंपरा आहेत. साध्या ट्रेलरमध्ये तपकिरी तार म्हणजे टेललाइट, पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा. फिरत्या घरांच्या परंपरेत हिरवी टेललाइटची, लाल डावीची आणि तपकिरी उजवीची. आमच्या कॅम्परमध्ये मागे कधीतरी कोणीतरी नाळ बदलली होती, त्यामुळे प्लगपासून डबीपर्यंत एक परंपरा आणि डबीच्या पुढे दुसरी. दोन्हीकडे एकच मत होतं ते पांढऱ्या तारेबद्दल. पांढरी म्हणजे ग्राउंड. मी ती सोडून बाकीच्या सगळ्या तारांना चिठ्ठ्या लावल्या.

दुसरा शनिवार मल्टिमीटरचा. ट्रकच्या सॉकेटमध्ये पिनांना मीटर लावला. टेल आणि पांढरी: १२.६. डावा: मीटरवर येतोय, जातोय. ब्रेक: १२.६. चार्जिंगची काळी तार: १२.६. खोलीच्या बाजूला बल्बच्या होल्डरमध्ये बघितलं, तिथेही आकडे चोख. वहीत टेबल केलं, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. आणि दिवे तर लागतच होते. म्हणजे माझ्या मोजमापानुसार त्या दिवशी लेक क्रेसेंटवर काही घडलंच नव्हतं.

मला नोकरीतल्या एका रात्रीची आठवण झाली. आमच्या एका सर्व्हिसला दर दहा सेकंदांनी एक प्रोग्रॅम विचारतो, "बरी आहेस ना?" आणि ती म्हणते, "बरी आहे." त्या रात्री ती तासभर 'बरी आहे' म्हणत होती आणि एकाही ग्राहकाचं काम होत नव्हतं. विचारणारा प्रश्न इतका हलका होता की मरायला टेकलेली सर्व्हिसही त्याला उत्तर देऊ शकत होती. आठवण झाली, पण तिचा पुढचा धागा मला तेव्हा दिसला नाही.

*

माझे मामा कराडला ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. पुणे-बेंगळुरू हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. शाळेच्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. मामांचं शिक्षण दहावीपर्यंत, बाकी सगळं त्यांच्या उस्तादाकडे. हत्यार एकच: होल्डरमध्ये बसवलेला २१ वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला गोधडी शिवायची सुई. असे दोन होते, एक १२ व्होल्टचा आणि एक २४चा, कारण मोठे ट्रक २४ व्होल्टवर चालतात. बल्ब कसा पेटतो यावरून मामा रोग सांगायचे. पिवळा पेटला तर बॅटरी, थरथरला तर लूझ कॉन्टॅक्ट, लाल झाला तर कुठेतरी गंज.

माझं काम ट्रकच्या मागे उभं राहून ओरडायचं. मामा केबिनमध्ये बसून एकेक बटण दाबायचे आणि मी म्हणायचो, "डावा लागला! उजवा लागला! ब्रेक न्हाई!" दिवसाचे पाच रुपये आणि एक उसाचा रस.

२०१८च्या दिवाळीत मी शेवटच्या वर्षाला होतो. गॅरेजवर सहज गेलो होतो. एका गिऱ्हाइकाची नवी कार आली होती, डॅशबोर्डवर कुठलातरी दिवा पेटून राहिला होता. मामांनी बॉनेट उघडून सुई वायरीत टोचायला घेतली आणि मी म्हणालो, "मामा, थांबा. यात ईसीयू आहे. तुमच्या या बल्बनं तो उडेल. हे आता कुणी वापरत नाही." मग मी गिऱ्हाइकासमोर त्यांना समजावून सांगितलं. बल्ब किती करंट ओढतो, मीटर किती कमी ओढतो, इनपुट इम्पीडन्स म्हणजे काय. माझं बरोबर होतं. ईसीयूच्या नाजूक वायरीत असा बल्ब लावू नये, हे आजही बरोबरच आहे. गिऱ्हाईकही म्हणाला, "पोरगं बरोबर बोलतंय," आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला.

मामांनी वायर बल्बभोवती गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मला काही बोलले नाहीत. घरी जेवताना मामीला म्हणाले, "भाचा इंजिनिअर झाला आता."

तेव्हापासून आमच्यात काही भांडण नव्हतं. फक्त बोलणं तब्येत आणि पावसापुरतं राहिलं. पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी त्यांच्यासाठी एक चांगला मल्टिमीटर पाठवला. माफी मागण्याची ती माझी पद्धत होती असं मी स्वतःला सांगायचो, पण खरं तर तो त्याच भाषणाचा पुढचा भाग होता. २०२१मध्ये इकडे येण्याआधी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा मीटर प्लॅस्टिकच्या पाकिटासकट खिळ्याला लटकत होता. देवाच्या फोटोशेजारी.

*

दुसऱ्या शनिवारी रात्री आठला मी मित्राच्या घरासमोर फरशीवर बसलो होतो. बायको म्हणाली, "मामांना विचार ना." मी म्हणालो, "त्यांनी ही गाडी कधी बघितलेली नाही." ती म्हणाली, "तू बघितलीयस, काय उपयोग झाला?"

कराडमध्ये रविवारची सकाळ होती, साडेआठ. व्हिडिओ कॉल लावला. मामा गॅरेजचं शटर उघडत होते. आधी तब्येत, मग पाऊस. मग मी म्हणालो, "मामा, एका गाडीचे लाइट दमवतायत." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "कसली गाडी? दाव."

मी सगळं दाखवलं. ट्रक, खोली, नाळ, प्लग, वही. वहीतले आकडे वाचायला लागलो तर त्यांनी मध्येच तोडलं. "आरं ते ऱ्हाऊ दे. ही पिवळी वायर कुठनं आलीया?"

"ते एक्स्टेन्शन आहे. घरातून. आतली बॅटरी चार्ज राहावी म्हणून."

"काढ ती. आन आतल्या बॅटरीची मायनस काढ."

"पण मामा, बाहेरचे लाइट ट्रकवर चालतात. आतल्या बॅटरीचा त्यांच्याशी संबंध नाही."

"न्हाई ना संबंध? मग काढायला काय जातंय?"

काढली. बायकोने ट्रकमध्ये बसून दिवे लावले. मागे टपावर उदबत्तीची टोकं. लेक क्रेसेंटची संध्याकाळ जशीच्या तशी समोर आली.

"आता खरं बोलाय लागली," मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ह्या खोलीची बॉडी कशाची हाय?"

"लाकडाची. वरून पत्रा."

"आन खाली, हौद्यात टेकलीया तिथं?"

"रबराची मॅट."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग अर्थ कुठनं घेतलाय?"

*

मी वही उघडली. पहिल्याच पानावर मी काढलेला सर्किटचा नकाशा होता. ट्रकच्या बॅटरीखाली ग्राउंडचं चिन्ह, उतरत्या लांबीच्या तीन आडव्या रेघा. खोलीच्या बॅटरीखाली तेच चिन्ह. प्रत्येक बल्बखाली तेच. कागदावर ही सगळी चिन्हं म्हणजे एकच बिंदू. चार वर्षं आम्ही असंच काढत आलो. त्या तीन रेघा काढल्या की प्रश्नाचा तेवढा भाग सुटला असं समजायचं.

मामांच्या ट्रकमध्ये अख्खी चेसिस हाच अर्थ असतो. प्लस वायरने न्यायचा आणि मायनस लोखंडातून परत येतो. पण ही खोली ट्रकवर बसलेली असली तरी ट्रकची नव्हे. लाकूड आणि रबर मध्ये असल्यामुळे ती विजेच्या दृष्टीने अधांतरी आहे. तिच्या प्रत्येक दिव्याचा करंट ट्रककडे परत जाण्याची वाट एकच: ती पांढरी तार, जिला मी चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती.

मग पुढचं सगळं डोक्यात भराभर जुळायला लागलं. पांढरी तार कुठेतरी गंजलेली. दिव्यांचा करंट तिच्यातून परत जाऊ शकत नाही. मग तो दुसरी वाट शोधतो, आणि दुसरी वाट होती. खोलीची बॅटरी चार्ज करणारी काळी तार थेट ट्रकच्या प्लसला जोडलेली आहे. करंट दिव्यांतून उतरून खोलीच्या बॅटरीच्या मायनसमध्ये शिरायचा, तिच्या प्लसमधून बाहेर पडून काळ्या तारेने ट्रककडे जायचा. म्हणजे बाहेरचे दिवे दिसायला ट्रकवर, पण खरं तर खोलीच्या बॅटरीवर जळत होते. आम्ही पावसात दिवे लावून जेवढं अंतर कापत होतो, तेवढी ती बॅटरी चार्ज होण्याऐवजी रिकामी होत होती. ती पुरती रिकामी झाली तेव्हा दिवे गेले, आणि ते नेमकं धुक्यातल्या वळणावर घडलं. रात्री विजेला जोडून बॅटरी भरली की सकाळी सगळं ठीक. मित्राच्या दारात मी एक्स्टेन्शन लावून ठेवलं होतं, त्यामुळे तिथे तर बिघाड दिसणं शक्यच नव्हतं. रोग्याला सलाइन लावून मी त्याची ताकद मोजत होतो.

हे मी मामांना धापा टाकत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तसंच काहीतरी आसंल," ते म्हणाले. "पण पयलं बघ तरी. बल्ब हाय का घरात?"

कॅम्परचा एक जादा बल्ब होता. त्याला दोन वायरी डकवल्या. मामांनी सांगितल्याप्रमाणे एक टोक सॉकेटच्या टेल पिनला, दुसरं पांढऱ्या पिनला. तार नुसती लाल झाली. मग पांढऱ्यावरचं टोक काढून थेट ट्रकच्या बॅटरीच्या मायनसला लावलं. बल्ब असा पेटला की डोळ्यांपुढे हिरवे ठिपके आले.

"प्लस चांगली हाय. अर्थ मेलाय," मामा म्हणाले. "आता तुझा मीटर लाव. बल्ब पुन्हा पांढऱ्यावर लाव, पेटता ठेव, आन मीटरची एक वायर पांढऱ्या पिनला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. किती दावतंय?"

मी थबकलो. याला व्होल्टेज ड्रॉप काढणं म्हणतात. चालू करंटमध्ये, ज्या दोन बिंदूंमध्ये काहीच असता कामा नये तिथे किती व्होल्ट अडकलेत ते मोजायचं. हे बल्बवाल्याला सुचत नाही, हे मीटर वापरणाऱ्याला सुचतं. कधीतरी, मला न सांगता, तो मीटर खिळ्यावरून खाली उतरला होता.

"७.४," मी म्हणालो. चांगल्या सांध्यात हा आकडा ०.२च्या आत असायला हवा.

"धर मग पांढरी आन जा तिच्या मागनं."

ट्रकच्या मागच्या बंपरखाली झोपून पांढरी तार पकडत गेलो. फूटभरावर ती चेसिसला एका बोल्टने आवळली होती. बोल्टभोवती समुद्राच्या हवेने आणि रस्त्यावरच्या मिठाने गंजाची खपली चढली होती. तारेची कडी हातात धरली तर हलत होती. ती कशीबशी टेकलेली होती, एवढंच.

मीटरची चूक नव्हती. मीटर इतका कमी करंट ओढतो की गंजाच्या खपलीतूनही तेवढा सहज जातो, आणि आकडा पूर्ण दिसतो. बल्ब दीड-पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा सांध्याची खरी लायकी कळते. २०१८मध्ये मी गिऱ्हाइकासमोर मीटरची जी थोरवी सांगितली होती, ती याच कामात त्याची खोट होती. भार न टाकता विचारलं की सगळं जग १२.६ व्होल्टवर असतं. मामांबद्दल मी गेली सहा वर्षं असंच मोजत होतो: तब्येत बरी, पाऊस बरा.

बोल्ट काढला, चेसिस घासून चकचकीत केली, नवी कडी, नवा बोल्ट, वर ग्रीस. बॅटरीची मायनस काढलेलीच ठेवून दिवे लावले. सगळी रांग पेटली.

*

चार्जिंगचं काम पुढच्या रविवारी. अर्थ चांगला झाल्यावर बॅटरी चार्ज व्हायला लागली, पण रडतखडत. इंजिन चालू असताना अल्टरनेटरपाशी १४.२ व्होल्ट, आणि खोलीच्या बॅटरीपाशी १३.१. अशी बॅटरी पूर्ण भरायला १४.४च्या आसपास लागतात. मधला व्होल्ट खात होती ती बारीक काळी तार. १२ गेजची तार, एका बाजूने २५ फूट, जाऊन-येऊन ५०. तिचा रोध जेमतेम ०.०८ ओहम, पण १५ अँपिअर गेले की सव्वा व्होल्ट वाटेतच संपतात.

मामांचा सल्ला सरळ होता. बॅटरीपासून बॅटरीपर्यंत जाड वायर टाक, प्लस आणि मायनस दोन्ही; प्लसमध्ये एक रिले, म्हणजे गाडी बंद असताना खोली ट्रकची बॅटरी पिणार नाही आणि सकाळी सेल्फ लागेल. मी ६ गेजची वायर आणली. सात पिनांच्या प्लगमध्ये एवढी जाड वायर मावत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळा कनेक्टर. प्लगमधली जुनी काळी तार सोडवून टाकली.

"आन एक फ्यूज टाक ट्रकच्या बॅटरीपाशी," मामा म्हणाले.

"दोन लागतील, मामा."

"दोन कशाला? वायर तर एकच हाय."

मी जरा थांबलो. जुन्या सवयीने भाषण तोंडात आलं होतं. मग म्हणालो, "वायर एक आहे, पण बॅटऱ्या दोन. मध्येच कुठं वायर घासून चेसिसला टेकली, तर ट्रकची बॅटरी तिच्यात करंट ओतेल. तो फ्यूज उडेल. पण दुसऱ्या टोकाची बॅटरी ओततच राहील."

पलीकडे शांतता. मामा गाडीखाली बघावं तसं फोनकडे बघत होते.

"व्हय की," ते म्हणाले. "दोन्हीकडनं येतंय." आणि मान वळवून गॅरेजमधल्या कुणा पोरावर ओरडले, "ऐकलंस का रं? दोन बॅटऱ्या आसल्या की दोन्ही टोकांना फ्यूज. एक टाकून चालत न्हाई. भाचा सांगतोय माझा."

मला काय बोलावं कळेना. मी विचारलं, "गॅरेज कसं चाललंय मामा? खरं सांगा." तब्येत विचारतो तसं नव्हतं विचारलं. ते शटरच्या आतल्या स्टुलावर बसले. म्हणाले, "नवीन गाड्या येत न्हाईत आता. बीएस सिक्स आल्यापास्नं तर वायरिंगला हातच लावता येत न्हाई. कॉम्प्युटर जोडल्याबिगर काय कळत न्हाई." मग बराच वेळ बोलले. कर्जाबद्दल, पोराला या धंद्यात घालायचं की नाही याबद्दल, ट्रॅक्टर आणि जुन्या टेम्पोंवर किती दिवस भागेल याबद्दल. गाड्यांचे कोड वाचणाऱ्या यंत्राच्या किमतीचंही निघालं. दोघांनी मिळून ते घ्यायचं की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही, पण दर रविवारी त्यावर वाद होतो.

*

वायर टाकून झाली तेव्हा नोव्हेंबर लागला होता आणि पाचलाच अंधार पडत होता. इंजिन चालू केलं. खोलीच्या बॅटरीपाशी १३.९. मी केबिनमध्ये बसलो आणि बायको जॅकेटची टोपी ओढून मागे उभी राहिली. तिला मी काहीच शिकवलं नव्हतं.

डावा दिला. "डावा लागला!"

उजवा. "उजवा लागला!"

ब्रेकवर पाय ठेवला. काच खाली होती, पाऊस आत येत होता. मागून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही आणि माझ्या छातीत उगाच धस्स झालं.

"लागला रे! काय लख्ख लागलाय!" आणि मग, "पण वरच्या रांगेतला कोपऱ्यातला एक नाही लागत."

मी खाली उतरलो. खरंच, एक लागत नव्हता. त्याच्या लाल काचेत अर्ध्यापर्यंत पाणी साठलं होतं. टपावरच्या दिव्यातून पाणी शिरलं की आतलं लाकूड कुजायला लागतं, त्यामुळे हे उद्यावर टाकून चालणार नव्हतं. मी मित्राच्या गॅरेजमधून शिडी आणायला गेलो.